जिप्सी उचलली, गोळा तिथेच

जुनी मारुती जिप्सी हाती आली की मालकाला पहिली हौस होते ती तिला उंच करण्याची. पुढे-मागे पोलादी पाटे असलेली ही साधी गाडी उचलायला सोपी. त्यात पैसे बेताचे असले की गॅरेजमध्ये एकच उपाय निघतो: लांब शॅकल.

दाबाखाली पाटा सरळ होतो, म्हणजेच लांबतो. त्याला सरकायला जागा हवी म्हणून त्याचं एक टोक दोन झुलत्या पट्ट्यांनी चासीला टांगतात. ती शॅकल. दुसरं टोक चासीला पक्कं असतं. मग शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी किती उचलली जाते? एकच इंच. ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर बसतो. एक टोक दोन इंच हललं आणि दुसरं हललंच नाही, तर मधल्याच्या वाट्याला निम्मंच येणार.

खरी गोम पुढे आहे. पाटा तिरका झाला की यू-बोल्टने त्यावर आवळलेला ॲक्सलही फिरतो. जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने तो पुढे कलतो. सायकलचा चिमटा वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो, तसाच कल मोटारीच्या पुढच्या चाकांनाही देतात. त्याला कास्टर म्हणतात. त्यामुळे वळण संपताच चाकं आपोआप सरळ होतात. कास्टर घटला की स्टिअरिंग परत येईनासं होतं आणि हायवेवर गाडी भरकटू लागते. इलाज स्वस्त आहे: पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये काही अंशांची पोलादी पाचर. ती न बसवताच गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

दुसरी युक्ती जादा पाटा घालण्याची. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. जेमतेम टनभर वजनाच्या गाडीत टेम्पोचा जाड पाटा घातला तर उंची मिळेल, पण खडकाळ वाटेवर चाक खड्ड्यात उतरायचंच नाही, हवेत लटकेल. बसलेल्या पाट्यांना गॅसची ज्योत लावून कमान देणं तर त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि पाटे पुन्हा बसतात.

एवढं करूनही ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, आणि दगडावर आधी आपटतो तो तोच. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही निम्म्याने. 205/70 आर 15 टायरचा व्यास सुमारे 668 मिमी, 235/75 आर 15 चा 733. व्यासात 65 मिलिमीटरची वाढ, गोळ्याच्या वाट्याला जेमतेम 33. शिवाय चाकाचा घेर दहा टक्क्यांनी वाढल्याने इंजिनाला चढावर तेवढा जास्त जोर लावावा लागतो आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. सस्पेन्शन उचलायचं ते मुख्यतः या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा व्हावी म्हणून.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते बजावून सांगितलं आहे.

तरीही कुणी इंचभर उचललीच, तर जॅक लावून ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावं आणि ब्रेकचा रबरी होज कुठे ताणला जातोय का ते पाहावं. ताणला जात असेल, तर लांब होज आधी, टायर नंतर.