धमकी आणि धोका

‘पुन्हा असं केलंस तर तंगडी मोडून हातात देईन!’ हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल विरळाच. धमकी देणं वेगळं आणि खरा धोका असणं वेगळं, हे आपल्याला लहानपणीच कळतं. शाळांमधल्या हिंसाचाराचा अभ्यास करणारे अमेरिकी तज्ज्ञही फिरून याच फरकापाशी आले.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. असा मुलगा आधी ओळखायचा कसा, हा प्रश्न देशाला पडला. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर तपासले. २००२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की हल्लेखोराचा ठरावीक साचा नसतो. कुणी एकलकोंडा होता, कुणी मित्रांच्या घोळक्यातला. कुणी नापास होणारा, तर कुणी हुशार.

मात्र ३७ पैकी ३० घटनांत हल्ल्याची कुणकुण आधीच कुणाला तरी होती. हा ‘कुणी तरी’ बहुतेक वेळा मित्र, वर्गसोबती किंवा भावंड असे. उलट, ज्याच्यावर हल्ला करायचा त्यालाच थेट धमकी दिल्याची उदाहरणं मोजकी. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण इथे अर्धीच खरी ठरते. गर्जना झालेली असते, पण ती मित्राच्या कानात. तज्ज्ञ याला ‘लीकेज’, म्हणजे गळती म्हणतात.

व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांसाठी धमकी तपासण्याची रीत बसवली. समजा, मैदानावर एकाने दुसऱ्याला ‘तुला जिवंत सोडणार नाही’ म्हटलं. मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पोलीस अधिकारी असलेलं पथक विचारतं: नेमकं काय बोललास? कशामुळे? रागाच्या भरात निघालेले शब्द असतील, तर खुलासा आणि माफीवर प्रकरण मिटतं. बहुतेक धमक्या याच जातीच्या. पण राग टिकून असेल, वार-वेळ ठरलेली असेल, शस्त्राची जुळवाजुळव सुरू असेल, तर ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला सावध करतात, पालकांना बोलावतात आणि धमकी देणाऱ्याच्या मनातला सल शोधतात. नुसतं शाळेतून काढून टाकलं, तर सल तसाच राहतो आणि लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा जीव घेतला. त्याच्याबद्दल प्राध्यापकांना, वसतिगृहाला, पोलिसांना थोडं थोडं माहीत होतं. ते तुकडे कुणी एकत्र जोडले नव्हते. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने सरकारी महाविद्यालयांना अशी पथकं सक्तीची केली आणि २०१३ मध्ये शाळांनाही. आज अनेक कंपन्या आणि कार्यालयंही याच वाटेने जातात.

सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये ६७ फसलेल्या कटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते उघडकीला आले मुख्यतः सोबत्यांनी वेळेवर सांगितल्यामुळे. आपण मुलांना ‘चहाडी करू नये’ असं शिकवतो, ते योग्यच. पण कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी, आणि कुणाचा जीव वाचावा म्हणून सांगणं ही जबाबदारी, हेही त्यांना शिकवायला हवं. आणि मुलं सांगायला आली, की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला हवं.