नेट गेलं म्हणजे डबा नव्हे

"नेट गेलं की नुस्ता डबा हाय बघा त्यो," मागावरून उठून आलेले शेजारचे मामा म्हणाले. वडगावात त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या मुलीचा जुना लॅपटॉप माझ्या पुढ्यात होता. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले, विंडोज 11 त्यावर चढेना, आणि कुणीतरी भंगारात घाला म्हणून सांगितलेलं. मी त्यावर क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची ऑपरेटिंग सिस्टीम घालायला बसलो होतो.

मामांची समजूत हवेतून आलेली नाही. गूगलने जुलै 2009 मध्ये क्रोमओएस जाहीर केली ती याच विचाराने, की बहुतेकांचं काम ब्राउझरमध्येच होतं, मग संगणक लावला की थेट तोच उघडू दे. डिसेंबर 2010 मधल्या सीआर-48 या चाचणीच्या लॅपटॉपवर ब्राउझरपलीकडे फारसं काही नव्हतंच. जून 2011 मध्ये सॅमसंग आणि एसरची क्रोमबुकं विकायला आली, आणि नेटशिवाय डबा ही तेव्हाची ओळख आजवर चिकटून राहिली. पण फ्लेक्स आधी पेनड्राइव्हवरून चालू करून मी वायफाय बंद केलं, मुलीच्या निबंधाची फाईल उघडली, तिला दोन ओळी लिहायला लावल्या. फाईल जपली गेली. अट एकच आहे: ऑफलाइनची सोय नेट असतानाच चालू करून ठेवायची.

"ही खरी ऑपरेटिंग सिस्टीम नव्हेच" हेही ऐकायला मिळतं. आत लिनक्स आहे, आणि रचना मला फार आवडते. डिस्कवर सिस्टीमच्या दोन प्रती असतात. एक चालू असते, अपडेट दुसरीत उतरतो, आणि लॅपटॉप पुन्हा लावला की नवी प्रत पुढे येते. ती नीट सुरू झाली नाही तर जुनी परत हजर. बॅटरी गेलेला लॅपटॉप आणि मध्येच गेलेली वीज, ही जोडी आमच्याकडे नेहमीचीच. पण अपडेट अर्धवट राहिला तरी चालू प्रतीला धक्का लागत नाही.

मात्र फ्लेक्स म्हणजे क्रोमबुक नव्हे. न्यूयॉर्कच्या नेव्हरवेअर कंपनीची क्लाउडरेडी ही सिस्टीम कंपनीसकट गूगलने डिसेंबर 2020 मध्ये घेतली, तिचंच 2022 मध्ये फ्लेक्स झालं. यावर प्ले स्टोअर नाही, म्हणजे मोबाइलची अ‍ॅप चालत नाहीत. क्रोमबुकात असते ती गूगलची सुरक्षा चिपही जुन्या लॅपटॉपात नसते. विंडोजचे व्हायरस इथे चालत नाहीत हे खरं, पण बँकेच्या खोट्या पानावर पासवर्ड दिलात तर कुठलीच सिस्टीम वाचवणार नाही.

मराठीचं काय, हा आमच्या मराठी-कन्नड भागातला खरा प्रश्न. युनिकोड देवनागरी व्यवस्थित लिहिता येते. पण लग्नपत्रिका करणाऱ्या पोरांनी इकडे वळू नये. त्यांचं मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत, आणि ही सॉफ्टवेअर विंडोजची. जुन्या फॉन्टातल्या फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट नसला की "चि. सौ. कां." च्या जागी नुसता अक्षरांचा खिचडा दिसतो. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांनीही विंडोज सोडू नये.

शाळा-कॉलेजचा अभ्यास, फॉर्म भरणं, मेल, व्हिडिओ एवढंच काम असेल, लॅपटॉप 2010 नंतरचा, 64 बिटचा आणि 4 जीबी रॅमचा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून फ्लेक्स चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते तिथेच कळतं. तोवर डिस्कला हात लागत नाही. इन्स्टॉल केलं की मात्र सगळी डिस्क पुसली जाते, विंडोजसकट.

इन्स्टॉलआधी मी हे सांगितलं तसे मामा थबकले. "थोरलीच्या लग्नाचं फोटो?" दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलेले फोटो मी त्यांना एकेक उघडून दाखवले. शेवटचा बघून त्यांनी मान डोलावली, तेव्हा बटण दाबलं.