माकारेनातलं ते हसणं कोणाचं? : याझूची गोष्ट

हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर, खास इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेल्यांसाठी.

'माकारेना' माहितीये ना? शाळेच्या गॅदरिंगला नाहीतर कोणाच्या तरी हळदीला तुम्ही त्यावर हात फिरवलेच असणार. १९९६मध्ये जगभर वाजलेल्या त्याच्या रिमिक्समध्ये मध्येच एक बाई खळखळून हसते, आठवतंय? ते हसणं मुळात त्या गाण्यातलं नाहीच. ते उचललंय 'सिच्युएशन' नावाच्या १९८२च्या एका इंग्लिश गाण्यातून. हसणारी बाई ॲलिसन मॉये, आणि तिच्यामागे सिंथेसायझर वाजवणारा माणूस व्हिन्स क्लार्क. दोघांच्या जोडीचं नाव याझू. एक गायिका, एक कीबोर्डवाला, बास!

ही जोडी जमेतेम दीड वर्ष टिकली. ती का जमली आणि का मोडली, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकच वाटतं. पण आधी गोष्ट ऐका.

लंडनच्या पूर्वेला बॅसिल्डन नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आखून वसवलेलं, कामगारवस्तीचं. तिथल्या काही पोरांनी डेपेश मोड हा बँड काढला आणि व्हिन्स त्यांचा मुख्य गीतकार. १९८१मध्ये पहिला अल्बम आला, 'जस्ट काण्ट गेट इनफ' हिट झालं, आणि वर्षअखेरीस साहेब बँड सोडून मोकळे! प्रसिद्धी, मुलाखती, दौरे हे त्याला झेपणारं प्रकरण नव्हतं. हातात एक नवं गाणं होतं, 'ओन्ली यू'. ते गायला मात्र कोणी नव्हतं.

त्याच गावात ॲलिसन. डेपेश मोडमधले दोघे तर शाळेत तिच्याच वर्गात होते. पण हिचा पिंड वेगळा. ब्लूज आणि पंक गाणारी, भरदार, खरखरीत आवाजाची मुलगी. तिने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात जाहिरात दिली की मला ब्लूज वाजवणारा बँड हवाय. उत्तर आलं एकट्या व्हिन्सचं. म्हणजे बघा, हिला हवे होते गिटारवाले आणि आला मशीनवाला.

आता जरा मशीनबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. व्हिन्सकडच्या 'प्रो-वन'सारख्या सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजतो. तुम्ही दहा बोटं ठेवा, आवाज एकाच पट्टीचा. त्यामुळे बासची ओळ वेगळी, वरची धून वेगळी, असं एकेक रेकॉर्ड करून थर चढवायचे. जोडीला सिक्वेन्सर, म्हणजे सूर लक्षात ठेवून ते न चुकता पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र. ना दमणार, ना लय सोडणार. थोडक्यात, भाव शून्य!

आणि त्यावर ॲलिसन गाते. 'ओन्ली यू' लावा. मागे टिकटिक चालल्यासारखे सुटे सुटे सूर आणि पुढे काळजातून आलेला आवाज. यंत्र तिला कुठेच सांभाळून घेत नाही, थांबत नाही, म्हणून तो आवाज जास्तच एकटा वाटतो. मागे व्हायोलिनचा ताफा असता तर ते चारचौघांसारखं विरहगीत झालं असतं, असं माझं मत. पटत नसेल तर कॉमेंटमध्ये भांडू.

मार्च १९८२मध्ये ते म्यूट रेकॉर्ड्सकडून आलं आणि ब्रिटनच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आपलं 'सिच्युएशन' त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. मग 'डोण्ट गो' तिसऱ्या क्रमांकावर. ऑगस्टमध्ये अल्बम, 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स'. यातला एरिक म्हणजे त्यांचा स्टुडिओवाला, एरिक रॅडक्लिफ. अमेरिकेत याझू नावाची एक रेकॉर्ड कंपनी आधीच होती, म्हणून तिकडे ही जोडी नुसती 'याझ' झाली.

सगळं छान चाललं होतं. फक्त दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण नव्हतं हो, ओळखच नव्हती! बाकीचे बँड आधी मित्र असतात, गॅरेजमध्ये वर्षभर वाजवतात, मग यश मिळतं. इथे आधी हिट गाणं, मग ओळख करून घ्यायची. व्हिन्स अबोल. ॲलिसन पटकन दुखावणारी. दुसऱ्या अल्बमच्या वेळी दोघं बहुतेक वेगवेगळ्या वेळी स्टुडिओत यायचे. त्यातलं 'हॅपी पीपल' गायला तिने साफ नकार दिला, शेवटी व्हिन्सनेच ते गायलं. अल्बमचं नाव काय, तर 'यू अँड मी बोथ', आणि कव्हरवर भांडणारी दोन डाल्मेशियन कुत्री. जुलै १९८३मध्ये तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तोपर्यंत जोडी फुटलेली होती.

इथे माझं स्वतःचं आठवतं. कॉलेजात मी गायचो, एक मित्र कीबोर्ड वाजवायचा. तीन गाणी केली. मग त्याला वाटलं मी दुसऱ्या ग्रुपमध्ये चाललोय, मला वाटलं त्याला कंटाळा आलाय. विचारलं कोणीच नाही. चौथं गाणं अर्धवट माझ्या जुन्या फोनमध्ये पडलंय.

असो. व्हिन्सला पुढे अँडी बेल हा गायक मिळाला आणि त्यांनी इरेझर काढला. अँडी स्वतः ॲलिसनच्या आवाजाचा चाहता, आणि तोही 'मेलडी मेकर'मधल्या जाहिरातीतूनच आला! ॲलिसनचा पहिला सोलो अल्बम 'आल्फ' १९८४चा, तोही पहिल्या क्रमांकावर.

आणि २००८मध्ये, पंचवीस वर्षांनी, दोघं पुन्हा एका स्टेजवर उभे राहिले. दौऱ्याचं नाव 'रिकनेक्टेड'. 'यू अँड मी बोथ'मधली गाणी तोवर त्यांनी लोकांसमोर एकदाही वाजवली नव्हती. त्यातलं 'नोबडीज डायरी' ॲलिसनने सोळाव्या वर्षी लिहिलेलं. ते आधी ऐका, मग 'ओन्ली यू', आणि मग 'सिच्युएशन' लावून ते हसणं शोधा. सापडलं की कोणत्या सेकंदाला आहे ते मला कळवा.

मी आज तो जुना फोन चार्जिंगला लावलाय. भेटू पुढच्या एपिसोडला!