रजा आणि राहिलेला अभ्यास

१८९८ मध्ये प्लेग आला, तेव्हा दाट पेठा सोडून बंगळुरूतील अनेक कुटुंबे मल्लेश्वरमला राहावयास गेली. आज तेथे अनेक महाविद्यालये आहेत. आजारपणामुळे वर्ग चुकणे मात्र कोणासही टळलेले नाही.

परीक्षेस बसण्यासाठी बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थिती लागते, म्हणजे ६० तासिकांपैकी ४५. परंतु आजारपण सांगून येत नाही, आणि बाळंतपणात विश्रांती टाळता येत नाही. म्हणून विद्यार्थिनींना प्रसूती रजा व उपस्थितीत सवलत मिळावी यासाठी नियम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळविले.

अशा वेळी अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे व पोच जपून ठेवावी. बुडालेली चाचणी किंवा प्रात्यक्षिक पुन्हा केव्हा होईल, हे शिक्षकांना विचारावे. रजेने अनुपस्थिती माफ होते, अभ्यास नव्हे.