फिरत्या घरांतील अडेल खिट्टी

वाहनालाच घर करण्याची कल्पना अहिल्यानगर जिल्ह्याला अगदींच नवी नाहीं. मेहेराझाद येथें मेहेरबाबांची निळी बस आहे. पूर्वीं प्रवासांत वापरलेल्या या गाडीच्या सांगाड्याची पुढें खोली झाली, आणि १९४९ सालीं बाबांनीं आपला एकांतवास तींत केला. ती खोली एके जागीं स्थिर होती. कॅरॅव्हॅन नांवाचें आजचें घर मात्र खरोखरच फिरतें, आणि राज्य शासनानें २०२१ सालीं त्याच्या पर्यटनासाठीं धोरणही स्वीकारलें.

दिवसा जें आसन, तेंच रात्रीं अंथरूण, अशी या घरांतील युक्ति असते. आणि साऱ्या युक्तीचा प्राण एका खिट्टींत असतो. हीच खिट्टी पुष्कळदां आसनाखालीं, भिंतीच्या बाजूस, बोटें कशीबशी पोंचतील अशा जागीं बसविलेली असते. तरुणांना तें खपून जातें. परंतु भंडारदऱ्याच्या तळ्याकाठीं गाडी उभी आहे, रात्र थंड आहे, आणि आजीबाईंना उठून बसावयाचें आहे. अशा वेळीं आसनाची पाठ उचलण्यासाठीं मुलाला झोपेंतून हाक मारावी लागते. दोनतीनदां असें झालें कीं त्या हाक मारीत नाहींत, अवघडून पडून राहतात; आणि पुढल्या सहलीस ‘मी आपली घरींच बरी’ म्हणतात.

खिट्टी अडते कां? लोखंडी दांता खांचेंत बसतो व स्प्रिंग त्याला तेथें धरून ठेवते. अंगाचा भार पाठीवर असेपर्यंत दांता खांचेच्या कडेवर दाबला जातो. दाब जितका अधिक तितकें घर्षण अधिक. म्हणून ओढण्यापूर्वीं अंग क्षणभर पुढें घ्यावें. पुष्कळ अडेल खिट्ट्या एवढ्यानेंच नमतात. दुसरें कारण धूळ. पाथर्डी-जामखेडकडील कोरड्या मुलखांतून गाडी आली म्हणजे ती सांध्यासांध्यांत शिरते. येथें तेलाची बुधली उपडी करण्याचा मोह टाळावा. ओल्या तेलाला धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. आधीं ब्रश, मग कोरडें फडकें, आणि शेवटीं सिलिकोनचें कोरडें वंगण, तेंही थोडेंच.

इतकें करूनही मूठ जड राहिली तर तिची लांबी वाढवावी. तीन इंचांची मूठ सहा इंचांची केली कीं निम्मा जोर पुरतो. मात्र हाताला दुप्पट अंतर जावें लागतें. हौशी कारागीर येथें एक चूक करतात. लांब केलेली मूठ वाटेंत पुढें येते, कुणाचा तरी पाय लागतो, आणि पाठ अवचित कोसळून बोटें चेंगरतात. तेव्हां काढघाल करतां येईल अशी नळीच मुठीवर चढवावी.

मूठ मुळांतच हाताबाहेर असेल तर ओढण्याची जागा बदलावी लागते. यासाठीं सायकलच्या ब्रेकची तार फार कामाची. १८९६ सालीं अर्नेस्ट बाउडन यांनीं असल्या तारेचें पेटंट घेतलें. आंतील तार सरकते, बाहेरची नळी जागच्या जागीं राहते, म्हणून ओढ वळणांतूनही जाते. नळीचीं दोन्ही टोकें घट्ट बांधावीं, वळण मोठें ठेवावें, आणि तारेला किंचित् ढील द्यावी. ढील नसली तर दांता पुरता बसत नाहीं, व आसन लागल्यासारखें दिसूनही लागलेलें नसतें. हें सर्वांत धोक्याचें. हळूहळू भार घालून खिट्टी दहावीस वेळां तपासून पाहावी. चालत्या गाडींत प्रवासी पट्टा बांधून ज्या आसनावर बसतात, त्याच्या सांध्यांना व पट्ट्याच्या बोल्टांना मात्र घरीं हात लावूं नये. तें काम गाडी बांधणाऱ्या कारखान्याचें.

नवी मूठ कोठें बसवावी हें मिस्त्रीवर सोंपवूं नये. आजीबाईंना त्या आसनावर बसवावें, डोळे मिटण्यास सांगावें, आणि त्यांचा हात सहज जेथें जाईल तेथें खडूनें खूण करावी.