ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डचे गंजलेले नट : स्टड न तोडता कसे काढावेत?

राजूर, भंडारदरा, घाटघर या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की भातखाचरांच्या चिखलणीची घाई असते. याच काळात जुन्या ट्रॅक्टरचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकले, की लावणी खोळंबते. मॅनिफोल्ड बदलणे तसे सोपे आहे. मात्र गंजलेला स्टड इंजिन हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवून वर्कशॉपमध्ये न्यावे लागते. त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्ये, सवडीने करावे.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?
- थंड इंजिन सुरू करताना हेडजवळ ‘फट-फट’ आवाज येतो. इंजिन तापल्यावर तो कमी होतो.
- मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचे काळे पट्टे दिसतात.
- सायलेन्सरऐवजी इंजिनजवळून धूर येतो. असा ट्रॅक्टर बंद शेडमध्ये चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

नट जाम का होतात?
मॅनिफोल्ड आणि स्टड रोज तापतात व थंड होतात. त्यात दमट हवा आणि पावसाचे पाणी मिळाले, की आटे गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून जाते. अशा वेळी लांब पाइप लावून जोर केला, तर नट फिरण्याआधी स्टडच पिळवटून तुटतो.

नट काढण्याची पद्धत
१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची वायर काढावी.
२) तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ करावेत.
३) गंज सोडवणारे तेल नटच्या मुळाशी सोडावे. रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पुन्हा सोडावे. डिझेल किंवा रॉकेल याइतके आत झिरपत नाही.
४) नटवर हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्यामुळे गंजाची पकड ढिली होते.
५) सहा कोनी सॉकेट वापरावे. झिजलेल्या किंवा उघड्या पान्याने नटचे कोपरे गोल होतात.
६) नट आधी किंचित आवळावा, मग सोडावा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, असे करत बाहेर काढावा.
७) तरीही नट हलला नाही, तर सांडलेले तेल पुसून फक्त नट गॅसने तापवावा. नट प्रसरण पावून ढिला होतो. थोडा निवल्यावर मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत शिरते. डिझेलची टाकी व पाइपजवळ ज्योत नेऊ नये. जवळ वाळूची बादली ठेवावी. हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे.
८) शेवटचा उपाय म्हणजे छिन्नीने नट फोडणे. नट स्वस्त आहे, हेड महाग. डोळ्यांवर चष्मा असावा.

स्टड तुटलाच तर
हेडबाहेर टोक शिल्लक असेल, तर त्यावर नवीन नट वेल्ड करून फिरवावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेही गंज सुटतो. स्टड हेडच्या पातळीत तुटला असेल, तर हाताने ड्रिल मारण्याचा प्रयत्न करू नये. ड्रिल बाजूला सरकले, तर हेडमधील आटे खराब होतात.

नवीन मॅनिफोल्ड बसवताना
- हेडची छिद्रे स्वच्छ कापडाने बंद करूनच जुने गॅस्केट खरडावे. बसवण्यापूर्वी कापड आठवणीने काढावे.
- नवीन गॅस्केट, नवीन नट वापरावेत. आट्यांना उष्णता सहन करणारी कॉपर पेस्ट लावावी. साधे ग्रीस जळून जाते.
- मधल्या नटपासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. किती आवळायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. पेस्ट लावलेला नट कमी जोरात जास्त आवळला जातो, हे लक्षात ठेवावे.
- इंजिन एकदा तापवून थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत.

पावसाळ्यात ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहत असेल, तर सायलेन्सरच्या तोंडावर झाकण ठेवावे आणि सुरू करण्यापूर्वी ते काढावे. पाइपातून आत येणारे पाणी थांबले, की मॅनिफोल्डचे आयुष्य वाढते.