जेवणाआधीचा फेरफटका

इटलीत संध्याकाळी पाचच्या पुढे गावचा मुख्य रस्ता आणि चौक माणसांनी फुलून जातो. या रोजच्या फेरफटक्याला तिथे ‘पासेज्जाता’ म्हणतात. आजी-आजोबा, कॉलेजची पोरे, बाबागाडीतले बाळ, सगळे नीटनेटके होऊन निघतात; रस्ता संपला की मागे वळतात, ओळखीचे दिसले की थांबतात. जेवण त्यानंतर.

आपली शतपावली जेवणानंतरची, बहुधा अंगणातली नाहीतर गच्चीवरची. प्रकृतीला ती उत्तमच. जेवल्यावर बसून न राहता अधूनमधून 2 ते 5 मिनिटे सावकाश चालले तरी रक्तातली साखर कमी चढते, असे 2022 मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित पाहणीत दिसले. पण चार माणसे भेटण्याचे सुख तिच्यात नाही. ते मिळते दादरला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर: एक फेरी मारायची, गप्पांना टेकायचे, पुन्हा उठायचे.

आपल्या बेलापूर गावाला तर अशा फेरफटक्यासाठी प्रवरेचा काठ लाभला आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली ही नदी गावावरून पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते. शेजारपाजाऱ्यांना हाक मारून रोज तिच्या काठाने निघावे. उन्हाळ्यात मात्र ऊन उतरल्यावरच.